चौदा दिवसांचा नियम

७ जानेवारी

आज नाश्त्याला टोस्ट खाताना खालची, डाव्या बाजूची शेवटची दाढ पडली. गेले तीन महिने हलत होतीच, आज तिनं राम म्हटला. मी ती रुमालात घेतली, खोकल्याचं निमित्त केलं आणि बेसिनकडे गेलो. हिला काही कळलं नाही.

वहीत नोंद करायची सवय चाळीस वर्षांची. मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी कवळ्या करायचो. तोंड कोणाचं, जबडा वरचा की खालचा, माप कधी आलं, कुठे टोचलं, कानस किती वेळा मारली, सगळं लिहून ठेवायचो. लिहिल्याशिवाय मला काम झाल्यासारखंच वाटत नाही. निवृत्त होताना एक कोरी वही उरली होती, ती आज काढली. पेशंट मी स्वतः. वय एकाहत्तर. खाली पुढचे सहा दात शाबूत, मागे दोन्ही बाजूंना मोकळं मैदान. म्हणजे दुकानाची पाटी झकास, आत माल नाही.

लोकांना दात जपायला सांगत हयात गेली. माझ्या स्वतःच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि गप्प बसलो. हे कोणाला सांगायची गरज नाही. वहीला सांगितलं, तेवढं पुरे.

११ जानेवारी

सकाळी टपालवाल्याबरोबर फिरायला गेलो. हा माझा शेजारी. जन्मभर टपाल वाटलं म्हणून तो टपालवाला, आणि कवळ्या केल्या म्हणून मी मास्तर. कोणत्या शाळेचा मास्तर ते कोणी विचारत नाही. त्याची कवळी मीच केली आहे आणि ती कायम त्याच्या शर्टाच्या खिशात असते. फोटो आणि मयत, एवढ्या दोनच वेळी तो ती तोंडात घालतो. "हिरड्या दगड झाल्यात, मास्तर. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आहेत तर दात नाहीत, पण मी चणे भिजवून खातो," असं म्हणून हसला. मी त्याला नेहमीप्रमाणे सुनावलं, की कवळी वापरली नाही तर गाल बसतात आणि नाक हनुवटीला भेटायला येतं.

मग बाकावर बसून बिस्किट खाताना तो मला म्हणाला, "तुम्ही उंदरासारखं पुढच्या दातांनी का कुरतडताय?" मी म्हटलं, सावकाश खाल्लं की पचतं. त्याला पटलं.

१५ जानेवारी

स्वतःची कवळी स्वतःच करायची ठरवलं. दुसरा मार्ग दवाखान्यात जाण्याचा. मोठे डॉक्टर गेल्यावर तो त्यांच्या पुतणीनं घेतला. मुलगी हुशार आहे, बोलायलाही चांगली आहे. पण माझी मागची खोली होती तिथे आता एक्स-रेचं यंत्र बसलंय, आणि कवळ्या कुठल्याशा शहरातून खोक्यात भरून येतात. ज्या दवाखान्यात मी गावाला दात दिले तिथेच आ करून बसायचं आणि परक्या हाताची कवळी घालून घ्यायची, हे माझ्याच्यानं होणार नाही.

अडचण एकच. माणसाला स्वतःच्या तोंडाचं माप नीट घेता येत नाही. हात थरथरतो, उमासे येतात. पण कपाटात शोधताना माझा जुना साचा सापडला. मोठ्या डॉक्टरांनी बावीस वर्षांपूर्वी एका दाढेच्या कामासाठी माझं माप घेतलं होतं, त्याचा हा प्लास्टरचा जबडा. सगळे दात जागच्या जागी, हिरड्या भरदार. मधल्या काळात जे पडले तेवढे दात प्लास्टरमधून तासून काढले की साचा तयार.

दात गेल्यावर हिरडी खाली बसते, हाड झिजतं, हे मला ठाऊक नाही असं नाही. नवी कवळी नव्या मापावरच करायची, हे मी शिकाऊ मुलांना शंभर वेळा ओरडून सांगितलं आहे. पण माझ्या हिरड्या तशा फार बसलेल्या नाहीत. बोटानं चाचपून पाहिल्या.

२४ जानेवारी

काम झालं. मेणात दात लावायला चार दिवस लागले. पूर्वी एका दुपारचं काम होतं. चष्म्यावर चष्मा लावून केलं.

हिरडीचा गुलाबी मसाला साच्यात दाबून पितळी डब्यात बंद केला, की तो डबा दोन तास पाण्यात उकळावा लागतो. ही बाजारात गेली असताना स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं चढवलं. आणि नेमकी ही पिशवी विसरली म्हणून परत आली. वास घरभर झाला होता. मी म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाचा तुटलेला आकडा जोडतोय. "उकळून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, त्यानं पक्का होतो. ती खिडकी उघडून पिशवी घेऊन गेली. बायकांना यंत्रातलं फारसं कळत नाही ते एका अर्थी बरंच आहे.

२ फेब्रुवारी

कवळी बसली. थोडी हलते, पण नवी कवळी हलतेच, तोंड तिला शिकवून घेतं. मी सगळ्यांना असंच सांगायचो.

हिच्या स्वयंपाकाला मात्र काय झालंय कळत नाही. महिनाभर भाजीचा नुसता गाळ असतो. भात चमच्यानं उचलला की खाली सांडतो. काल मटाराचे दाणे चक्क चेचून टाकले होते. शेहेचाळीस वर्षं जिच्या हाताला चव होती तिला आता शिजवताना वेळेचं भान राहत नाही. वय झालं. मी बोललो नाही, उगाच मनाला लावून घ्यायची. आणि तसं बघितलं तर खाल्लं जातं सगळं.

तिची स्वतःची खोड आहे तीच आहे. मला वाढून मग एकटी आत बसून जेवणार, दाराकडे पाठ करून. लेक सासरी गेल्यावर तरी माझ्याबरोबर बसेल असं वाटलं होतं. आठ-नऊ वर्षं झाली, म्हणते मला असंच बरं वाटतं. सफरचंद कापून पुढे केलं तर "पोट भरलंय".

९ फेब्रुवारी

जिभेच्या उजव्या कडेला, खालच्या बाजूला एक फोड आला आहे. आरशात टॉर्च धरून पाहिला. तांदळाच्या दाण्याएवढा, मध्ये पांढरट, भोवती लाल. कवळीची आतली कड बरोबर तिथे घासते. कारण समजलं म्हणजे काळजी नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. मोठ्या डॉक्टरांनी तो मागच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावला होता. टोचणारी जागा तासून द्यायची आणि चौदा दिवस थांबायचं. चौदा दिवसांत जखम भरली नाही तर ती कवळीची जखम नव्हे, पेशंटला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायचं, मग तो कितीही हसो. या नियमानं मी किती जणांना पाठवलं असेल. एक शिंपी मात्र सात महिन्यांनी आला होता, कपडे शिवायचे आहेत, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणत म्हणत. त्याचा अर्धा जबडा काढला. नंतर तो रस्त्यात भेटला की गळपट्टीनं तोंड झाकायचा.

आज कड तासली. आजपासून चौदा. म्हणजे तेवीस तारीख.

१४ फेब्रुवारी

तसाच आहे. मोठा नाही झाला. बहुतेक नाही झाला.

२० फेब्रुवारी

आज नीट पाहिल्यावर लक्षात आलं, नवव्या तारखेला मी कड अर्धवटच तासली होती. खालच्या अंगाला एक धार राहिली होती. आता ती पार गुळगुळीत केली. खरं कारण आज गेलं, तेव्हा मोजणी आजपासून धरायला हवी. नियमात तसंच आहे: कारण काढल्यापासून चौदा दिवस. म्हणजे सहा मार्च.

१ मार्च

लेकीचा फोन. आईनं तिला काहीतरी सांगितलं असावं. "बाबा, जेवता ना नीट? बारीक झालात म्हणे." मी म्हटलं, तुझ्या आईनं भाजी नीट शिजवली तर जेवीन. त्यावर ती म्हणाली, "आई तुमच्यासाठीच तशी करते." मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला, मला काय झालंय? मग तिनं विषय बदलला. माय-लेकींचं आपसात काय चालतं ते देव जाणे.

वजन केलं. साडेतीन किलो कमी. चालणं वाढलंय.

६ मार्च

भरला नाही.

दिवसभर विचार केला. कवळी मी झोपतानाही काढत नव्हतो, कारण काढून भांड्यात ठेवली तर हिला दिसली असती. म्हणजे जिभेला विश्रांतीच नाही. पेशंटनं असं केलं असतं तर मी त्याला झापलं असतं. आजपासून झोपताना काढून रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवायची. तेव्हा खरी मोजणी आजपासून. वीस मार्च.

हे लिहिताना हात जरा अडला. पण नियमात बसतं.

११ मार्च

टपालवाला आज विचारत होता, "मास्तर, तुम्ही एका बाजूनं का बोलता हल्ली?" म्हटलं, थंडीनं जबडा आखडतो. तो म्हणाला, थंडी तर गेली.

१९ मार्च

आज सूप फार गरम होतं आणि जीभ पोळली. नेमकी तीच बाजू. आता यावर कोणी काय करणार? भाजलेल्या जागेचा आणि कवळीचा हिशोब एकत्र कसा धरायचा? मोजणी पुन्हा आजपासून. दोन एप्रिल.

सूप मी स्वतःच गरम मागितलं होतं. ही म्हणाली होती, जरा निवू द्या.

२ एप्रिल

आज सोमवार. दवाखान्यात सोमवारी गर्दी असते.

५ एप्रिल

आरशात बघणं सोडलंय. जिभेनंच कळतं. कड टणक लागते. आता कान दुखतो, उजवा.

मला भीती वाटते. हे एकदा लिहून टाकतो म्हणजे सुटलो. चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघितलं आहे आणि मला नक्की माहीत आहे की मला कशाची भीती वाटते. आज बाजारात एकानं गळपट्टी लावली होती, त्याला पाहून मी रस्ता बदलला. दुसराच कोणी माणूस होता.

८ एप्रिल

आज जे झालं ते जमेल तसं लिहितो.

दुपारी मी जेवून बाहेरच्या खोलीत बसलो होतो. ही आत जेवत होती. दारावर गॅसवाला आला म्हणून ती पदर तोंडाला लावून लगबगीनं बाहेर गेली. मी पाणी प्यायला आत गेलो. तिच्या ताटाशेजारी वाटीत पाणी होतं आणि पाण्यात तिची कवळी.

ही कवळी म्हणजे माझ्या हातचं सगळ्यात देखणं काम. नऊ वर्षांपूर्वी तिचे सगळे दात गेले तेव्हा मी ठरवलं की हिला म्हाताऱ्या बाईचे दात लावायचे नाहीत. आमच्या लग्नातला फोटो समोर ठेवून मी एकेक दात निवडला, तसेच जरा पुढे, तसेच मोठे, उजवीकडचा एक किंचित वाकडा. मोठ्या डॉक्टरांनी दहा जणांना बोलावून दाखवली होती. वाटीतून उचलली ती जरा कौतुकानंच, म्हटलं चार दिवसांत पॉलिश करून देऊ.

आतल्या बाजूला कापडाची घडी चिकटवलेली होती. मऊ सुती कापड, जुन्या साडीचं असावं, धुऊन धुऊन विरलेलं. ती घडी सोलून काढली आणि खिडकीशी नेऊन पाहिलं तर कडा तासलेल्या. एक नाही, पाच-सहा जागा. माझ्या कानशीचा माग मला झोपेतही ओळखता येईल. हा माग माझा नव्हता. बारीक, वेडावाकडा, नखं घासायच्या पट्टीचा. काही ठिकाणी गुलाबी भाग इतका पातळ केलेला की त्यातून उजेड दिसत होता.

ताटात चेचलेला भात होता. माझ्या पानात होता तसाच. म्हणजे ती जेवताना कवळी काढते. पहिल्यापासून काढते. म्हणून ती आत बसते.

ती दारातून आली आणि माझ्या हातात कवळी पाहून उभी राहिली. गाल आत गेलेले, ओठ मिटलेले. नऊ वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. तिनं हात पुढे केला, मी दिली नाही.

"केव्हापासून टोचते?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." दात नसल्यानं तिचा आवाज वेगळाच लागला. "वरची फार उंच आहे. तोंड मिटतच नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत, कशी झाली. मी म्हटलं, छान. मग तुम्ही चार गावांत दाखवत सुटलात. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगायचं?" ती स्टुलावर बसली. "तुम्ही फोटोतल्या पोरीसाठी केलीत हो ती. तिला बसली असती."

नऊ वर्षं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तो माझ्या हातचा. मी म्हटलं, "निदान मला तरी सांगायचंस. माझं कामच ते."

त्यावर ती म्हणाली, "आणि तुमच्या जिभेचं?"

मी म्हटलं, "काय जिभेचं?"

"उशीच्या अभ्र्यावर डाग मीच धुते ना. कवळीचा मसाला उकळला की कसा वास येतो ते मला शेहेचाळीस वर्षं माहीत आहे. घड्याळाचा आकडा म्हणे. भाजीचा गाळ मी काय हौसेनं करते? रोज वाटायचं, आज सांगतील, आज सांगतील. मी विचारलं असतं तर तुम्ही छान म्हणाला असतात. माझ्याचसारखं." मग ती म्हणाली, "साऱ्या गावाला चौदा दिवस सांगणारे तुम्ही. लोका सांगे ब्रह्मज्ञान."

ती रडली नाही. मी रडलो. कवळी तशीच हातात होती.

११ एप्रिल

दवाखान्यात जाऊन आलो. दोघंही.

वाटेत मी मनात उत्तर तयार केलं होतं. किती दिवस विचारलं तर पंधरा-वीस सांगायचं. डॉक्टरीणबाईंनी, मोठ्या डॉक्टरांच्या पुतणीनं, मला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, जीभ कापडानं धरून बाहेर घेतली आणि बराच वेळ पाहिलं. मानेखाली बोटांनी चाचपलं. ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"किती दिवस झाले, मास्तर?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी म्हटलं, "एकसष्ट."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या, मग लिहिलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कवळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "दात सुंदर लावलेत. माप कोणी घेतलं?"

"तुमच्या काकांनी. बावीस वर्षांपूर्वी."

त्यांना क्षणभर कळलं नाही, मग कळलं. "शिकाऊ मुलानं असं काम आणलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"कचऱ्याच्या डब्यात टाकलं असतं. आणि त्याला दिवसभर प्लास्टर घोटायला बसवलं असतं."

"मग टाकू?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. डब्यात पडल्याचा आवाज झाला.

जागा बधिर करून तुकडा काढला, तपासायला पाठवला. दहा-बारा दिवस लागतील. निघताना त्या हिच्याकडे वळल्या, "काकू, तुमचं काही?" ही सवयीनं म्हणाली, "माझं काय, बरं आहे." मी बधिर जिभेनं काहीतरी बोललो, ते कोणालाच समजलं नाही.

१४ एप्रिल

आम्ही दोघं एका टेबलाशी जेवलो. तिनं कवळी काढून ठेवली, माझी डब्यात गेलीच आहे. लाज तिलाही वाटत होती आणि मलाही. तोंडं मिटून, खाली मान घालून खाल्लं. मग माझ्या हनुवटीवर डाळ ओघळली आणि तिला हसू आलं, आणि ती हसली की तिचं पूर्ण तोंड उघडतं हे मी विसरूनच गेलो होतो.

२३ एप्रिल

रिपोर्ट आला. आहे. तोच आहे.

डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या सांगायला. कवळीच्या घासण्यानं झाला की आधीपासून होता हे सांगता येणार नाही म्हणाल्या. पसरलेला दिसत नाही, लहान आहे, मोठ्या इस्पितळात जिभेची कड काढावी लागेल. मी विचारलं, आणखी चौदा दिवस थांबलो असतो तर? त्या म्हणाल्या, "ते आता नका विचारू." हिनं विचारलं, बोलता येईल का. त्या म्हणाल्या, येईल, जरा जड, सरावानं सुधारेल.

त्या गेल्यावर मी हिला म्हटलं, माफ कर. ती म्हणाली, "कशाबद्दल, एक काय ते सांगा." मला यादी करता येईना.

३ मे

उद्या ऑपरेशन. टपालवाला भेटायला आला होता आणि कवळी घालून आला होता. मी म्हटलं, अरे मी अजून आहे, फोटोही काढायचा नाही. तो म्हणाला, "मास्तरांकडे जायचं म्हणून घातली." टोचत असणार, सारखा गाल चोळत होता. एरवी मी काढू दिली नसती, आज मीच म्हटलं, काढ बाबा.

लेक आली आहे. तिला सगळं आधीपासून माहीत होतं. घरात एकालाच काही माहीत नव्हतं, तो मी.

१९ मे

घरी. नाकातली नळी काल काढली. बोलता येत नाही, लिहिता येतं. जिभेची उजवी कड गेली. कापलेल्या भागाच्या चारी कडा स्वच्छ आल्या, म्हणजे आत काही उरलं नाही, असं कळवलंय. ही चमच्यानं पातळ भरवते आणि लेक म्हणते आई, थोडं मीठ घाल ना. हिला माझ्यावरचा राग मिठात काढता येतो.

१० जून

थोडं बोलतो. तोंडात ओला बोळा धरून बोलल्यासारखं. हिला सगळं समजतं, टपालवाल्याला निम्मं समजतं आणि उरलेलं तो स्वतःच्या मनानं भरतो.

डॉक्टरीणबाईंनी हिचं नवं माप घेतलं आणि साचा घरी पाठवला. सोबत चिठ्ठी: "मास्तर, शहरातून मागवू शकते. पण विचारून बघते." साचा टेबलावर ठेवून मी बराच वेळ पाहिला. हिच्या हिरड्या किती बसल्या आहेत. मला वाटलं होतं त्याच्या निम्म्याही उरलेल्या नाहीत. लग्नाचा फोटो मी या वेळी कपाटातून काढला नाही.

२८ जून

अठरा दिवस लागले. हात पूर्वीसारखा चालत नाही आणि दुपारी थकवा येतो. दात लहान घेतले, सरळ लावले, तिच्या आजच्या वयाचे. मेणातच दोनदा डॉक्टरीणबाईंकडे नेऊन तिच्या तोंडात बसवून पाहिले. वरची कवळी पहिल्यापेक्षा चार मिलिमीटर बुटकी झाली. ते चार मिलिमीटर नऊ वर्षं ही तोंडात घेऊन फिरली.

आज सकाळी त्यांनी दवाखान्यात घालून दिली आणि म्हणाल्या, घरी जाऊन जेवा, मग बघू कुठे लागते.

दोघं जेवायला बसलो. ती आज कवळी तोंडात ठेवून. तिनं भात खाल्ला, भाजी खाल्ली. हळूहळू, दोन्ही बाजूंनी. मी आपलं पातळ घेतलं, पण माझं लक्ष तिच्या गालाकडे. एकदा डाव्या बाजूला चावताना डोळा किंचित बारीक झाला. चाळीस वर्षं मी असे डोळे बघितले आहेत. घरात मात्र बघितले नव्हते.

जेवण झालं. मी जड जिभेनं विचारलं, "कशी आहे?"

"छान," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

मी उठलो नाही. पुन्हा विचारलंही नाही, मला फार बोलता येत नाही. निळी पेन्सिल तिच्यासमोर ठेवली, टोचणाऱ्या जागेची खूण करायची असते ती, आणि हात मांडीवर घेऊन बसलो. तिनं ताटं गोळा केली. मी बसून राहिलो. तिनं ताटं बेसिनमध्ये ठेवली, टेबल पुसलं, पेन्सिल उचलून बाजूला करून तिच्याखालीही पुसलं. मग फडकं हातात तसंच धरून माझ्यासमोर बसली. भिंतीवरच्या घड्याळात पाच-सात मिनिटं गेली असतील.

मग तिनं तोंड उघडलं, माझं बोट धरलं आणि आत डाव्या बाजूला नेऊन ठेवलं. "इथे," ती म्हणाली. "आणि इथे. वर पण, मागे. आणि ही कड सारखी ओठाला लागते."

चार जागा. चारही तासल्या. तिसरी मनासारखी होईना म्हणून ती म्हणाली, "अजून थोडी," आणि मी अजून थोडी तासली.